राग ओकला की उतरतो?

निवडणूक आली की ठाण्याच्या तलावपाळीवर जुने मित्रही पक्षावरून एकमेकांवर तुटून पडतात. वर कुणीतरी म्हणतंच, "बोलू दे रे, ओकून टाकला की राग उतरतो." उतरत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे सर्वांत जास्त रागावलेले राहिले. दोन मिनिटं नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

मग गिळायचा? तेही नको. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या प्रयोगात लोकांनी भावनेला नाव दिलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोका हेरणाऱ्या भागाची, सक्रियता घटली. अर्थात तिथे फोटोतले चेहरे होते, राजकारण नव्हतं. यानं पक्षभेद मिटतात असा दावा कुणी केला तर तोही पारखून घ्या.

शिवाय 'मला वाटतं तुम्ही विकले गेलात' ही भावना नव्हे, आरोपच. 'पोराच्या नोकरीची धास्ती वाटते' ही भावना. आरोपाला आरोपच मिळतो. धास्ती ऐकून समोरचा निदान विचारतो, "का रे, काय झालं?"