कूलरच्या सुट्या भागांचं आमचं ऑनलाइन दुकान: पैसे कोणाला जातात, माल कोण पाठवतं

मार्च उजाडला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न सुरू होतो: "भाऊ, काल पंप घेतला तुमच्याकडून, कधी पाठवता?" विचारणाऱ्याची काहीच चूक नाही. दुकान म्हटलं की गल्ला आला, गोदाम आलं. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत. म्हणून हे पत्रक.

आमच्या साइटवर फक्त कूलरचं सामान दिसेल: पंप, मोटर, पंखा, ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवायच्या, पाण्याने भिजत राहणाऱ्या), हनीकोंब पॅड (ताटीऐवजी बसणारे, मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे), फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी थांबवणारा), नळ्या. यातली एकही वस्तू आम्ही विकायला म्हणून घेऊन ठेवत नाही. बाजारात मिळणाऱ्या ढीगभर वस्तूंतून नागपूरच्या उन्हाळ्यात टिकतील अशा निवडतो, त्यांच्याबद्दल लिहितो आणि खाली लिंक देतो. लिंक दाबली की तुम्ही मोठ्या ऑनलाइन दुकानात पोचता. पैसे तिथे भरता, बिल तिथलं येतं, माल तिथला विक्रेता पाठवतो. आमच्या लिंकवरून खरेदी झाली म्हणून ते दुकान त्याच्या वाट्यातून आम्हाला कमिशन देतं. तुमची किंमत त्यामुळे एक रुपयानेही वाढत नाही.

समजा पंप 400 रुपयांचा आहे आणि कमिशन 5 टक्के. आम्हाला 20 रुपये मिळाले. तुम्ही तो परत केला की ते 20 रुपयेही गेले. म्हणजे चुकीच्या मापाची वस्तू तुमच्या गळ्यात मारून आमच्या हाती काहीच राहत नाही. ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने ती 1996 मध्येच सुरू केली. लिंक दाबल्यावर तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूण राहते आणि तिला मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ती साधारण 24 तासांची. तेवढ्या वेळात तुम्ही पंप सोडून प्रेशर कुकर घेतलात, तरी लिंक देणाऱ्याला कमिशन मिळू शकतं. हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि माहीत असायला हवं असं आम्हाला वाटतं. तुमचं नाव, पत्ता, कार्डाचा नंबर यातलं काहीही आमच्यापर्यंत येत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, शिफारस करणाऱ्याचा विक्रीत काही लाभ असेल तर तो उघड सांगावा लागतो. आमच्या प्रत्येक लिंकशेजारी म्हणूनच "कमिशन लिंक" असं लिहिलेलं आहे, तळाशी बारीक अक्षरात लपवलेलं नाही. किमती मात्र आम्ही लिहीत नाही. त्या दिवसातून दोनदाही बदलतात, आणि आमच्याकडे 350 वाचून गेलेल्या माणसाला तिथे 420 दिसले की त्याला फसवल्यासारखं वाटतं. "फक्त दोन नग उरले" असली घाईही आम्ही करत नाही. गोदामच नाही, तर नग मोजणार कुठले?

आता निवड कशी करतो ते. पंपाच्या खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात छापलेले असतात, पण बघायचं असतं ते हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो. कूलर उंच आणि हेड कमी असलं की वरच्या पन्हाळीत पाणी पोचत नाही, ताटीचा वरचा भाग कोरडा राहतो आणि तिथून गरम हवा आत येते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे लगेच कळतं. ज्या पंपाची आम्ही शिफारस करतो, तो आधी स्वतः विकत घेऊन गॅलरीत बादलीत लावतो, नळी भिंतीला धरून पाणी कुठवर चढतं तिथे खडूने खूण करतो. बोअरच्या पाण्यावर चालवतो, कारण क्षार धरून जाळी बुजते ती त्याच पाण्याने.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडून एक चूक झाली. एका पंपाचं हेड, आवाज सगळं तपासलं, फक्त वायर मोजली नाही. ती जेमतेम हातभर निघाली. लोकांना टाकीच्या आतच वायरला जोड द्यावा लागला असता, आणि पाण्याजवळ वायरचा जोड म्हणजे जिवाशी खेळ. पहिला फोन आला त्याच दिवशी ती लिंक काढली. तेव्हापासून वायरची लांबी प्रत्येक पंपापुढे लिहितो. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय नवा पंप लावूच नका. पाणी भरताना बटण बंद करून पिन काढा. लोखंडी बॉडीचे कूलर आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो.

काही वस्तू ऑनलाइन घेऊच नयेत असं आमचं मत आहे. वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) आणि खसच्या ताट्या सीताबर्डी, इतवारीत किंवा तुमच्या चौकातल्या दुकानात डोळ्यांसमोर मापाने भरून मिळतात. कुरिअरमध्ये त्या दबून येतात, भुसा गळतो. आमच्या साइटवर ताट्यांची माहिती आहे, लिंक नाही. हनीकोंब पॅडची आहे, पण मागवण्याआधी चौकट आतून मोजा आणि जाडीही मोजा. जाड पॅड आला तर झाकण बसत नाही.

वस्तू खराब निघाली तर तक्रार जिथे पैसे भरले तिथेच करावी लागते. वॉरंटी आणि परतीचा निर्णय आमच्या हातात नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. खोकं, बिल आणि उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. आम्हालाही जरूर कळवा. एकाच वस्तूबद्दल दोन तक्रारी आल्या की आम्ही ती यादीतून काढतो.

कोणता पंप लागेल कळत नसेल तर विकत घेण्याआधी विचारा, त्याचे पैसे नाहीत. जुन्या पंपाचा फोटो पाठवताना नळीचं तोंड आणि मोजपट्टी दोन्ही एकाच फोटोत येऊ द्या, आणि टाकीच्या तळापासून वरच्या पन्हाळीपर्यंतची उंची इंचांत लिहा.