गळाची मासेमारी (गोड्या पाण्यातील)

गळाची मासेमारी : नदी, तलाव किंवा धरणाच्या जलाशयात गळ, दोरी आणि आमिष वापरून हौसेखातर एकेक मासा पकडण्याचा छंद. देशावर याला ‘गळ टाकणे’ म्हणतात, कोकणात ‘गरी टाकणे’ किंवा ‘गरवणे’. शहरातली मंडळी ‘अँगलिंग’ म्हणतात. जाळ्यात मासा नकळत सापडतो. गळाला मात्र तो स्वतः तोंड उघडून लागतो. त्यामुळे या छंदातली जवळजवळ प्रत्येक निवड, म्हणजे काठी कोणती, गळ केवढा, आमिष पाण्याच्या कोणत्या थरात ठेवायचे, शेवटी माशाच्या तोंडापाशी येऊन ठेपते. दुकानात शिरल्यावर नवखा माणूस आधी काठी बघतो. जुना माणूस आधी विचारतो, ‘पाण्यात आहे काय?’

हा छंद इंग्रजांनी इथे आणला, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात राजाने करायच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एका जागी जमवण्याची रीत, दोरी आणि काठी यांची माहिती त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. चालुक्यांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत होता. मासे जमवण्यासाठी पाण्यात आधी खाद्य टाकायची युक्ती आजही प्रत्येक जलाशयाच्या काठावर दिसते. फक्त राजाच्या जागी सुटीच्या दिवशी डबा घेऊन आलेला कारकून असतो.

इंग्रज अमदानीत आल्या त्या रीळ (दोरी गुंडाळायची फिरकी) लावलेल्या काठ्या, परवाने आणि क्लब. मुंबईत १८९१ च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पुढे पिण्याजोगे राहिले नाही, पण गळ टाकणाऱ्यांना तो तलाव लाभला. १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातील हौशी मंडळींनी स्थापलेली संघटना आज ‘महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन’ या नावाने त्याच तलावाशी जोडलेली आहे. तलावात जलपर्णी माजते आणि मगरीही आहेत, तेव्हा पाय पाण्यात सोडून बसण्याची ही जागा नव्हे.

तोंड आणि आमिष

जलाशयांत मुख्यतः सापडतात ते कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघेही मूळचे उत्तर भारतातल्या नद्यांचे. दख्खनच्या धरणांत ते बीज सोडून वाढवलेले आहेत. तिघे एकाच पाण्यात एकमेकांना न अडता राहतात, कारण तिघांची तोंडे वेगळी. कटल्याचे तोंड मोठे आणि वर वळलेले असते. तो वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी आमिष तळाला टाकणे म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला तळघरात जेवायला बोलावण्यासारखे. बोया (दोरीला बांधलेला तरंगता तुकडा) लावून पिठाचा सैलसर गोळा मधल्या-वरच्या थरात लोंबता ठेवला, की त्या विरघळत्या पिठाच्या ढगात तो शिरतो आणि गळ पिठासोबत ओढला जातो. रोहू मधल्या थरात चरतो, त्याच्या ओठाला झालर असते. तो आमिष आधी चाचपतो, म्हणून बोया एकदम न बुडता थरथरतो. नवखे लोक याच थरथरीवर हिसका देतात आणि रिकामा गळ हातात घेतात. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तो तळाचा गाळ उपसतो, म्हणून त्याच्यासाठी शिसे लावून आमिष जमिनीवर टेकवायचे.

आमिषाच्या पाककृती हा या मंडळींचा गुप्त खजिना. कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाजलेल्या चण्याचे पीठ, तांदळाचा कोंडा हे पायाला, त्यावर वेलची, बडीशेप, मध आणि आणखी काय काय. कुणी आपली कृती सांगितलीच, तर तिच्यातला एक पदार्थ गाळूनच सांगतो. खरे तर वासाइतकेच महत्त्व गोळ्याच्या घट्टपणाला असते. वाहत्या पाण्यासाठी घट्ट, साचलेल्या पाण्यासाठी भुसभुशीत. गांडूळ मात्र जवळपास सर्वांना चालते. शिंगाळा, वाम आणि चिलापी (तिलापिया) त्यावर हमखास येतात. चिलापी हा आफ्रिकेतून आलेला मासा उजनीसारख्या जलाशयांत इतका वाढला आहे, की लहान मुलांची पहिली शिकार बहुधा तीच असते.

मरळीचा हिशेब वेगळा. हा शिकारी मासा पाण्यातल्या वेलींच्या आणि पानांच्या आडोशाला दबा धरतो. त्याला हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तो पृष्ठभागावर येऊन बुडबुडा सोडतो आणि स्वतःचा पत्ता देतो. त्याच्यासाठी रबरी बेडूक वापरतात. या बेडकाचे गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून अडकल्याशिवाय सरकतो. मरळीने उसळी मारली की लगेच काठी उचलायची नाही, बेडूक तोंडात पुरता जाईपर्यंत एक-दोन श्वास थांबायचे. विणीच्या काळात नर-मादी पिलांवर पहारा देतात. तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर बुडबुडत फिरताना दिसतो आणि खाली पालक असतो. तेथे बेडूक टाकला तर मरळ पिलांच्या रक्षणासाठी धावून येतेच. हे कौशल्य नव्हे, आणि पालक गेल्यावर तो घोळका इतर माशांच्या पोटात जातो. जाणती मंडळी असा घोळका दिसला की पुढच्या कोपऱ्याकडे वळतात.

काठी, तंगूस, रीळ

सर्वांत साधे साधन म्हणजे हातगळ. बाटलीला किंवा लाकडी तुकड्याला गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसे आणि गळ. दोरीचे टोक डोक्याभोवती फिरवून सोडायचे आणि मग दोरी बोटावर धरून बसायचे. माशाचा स्पर्श इतका थेट दुसऱ्या कोणत्याही साधनात कळत नाही. दुसरा प्रकार बांबूच्या काठीचा. रीळ नाही, काठीएवढीच दोरी. ओढ्याच्या आणि गावतळ्याच्या काठी अजून तीच चालते.

नायलॉनच्या एकपदरी दोरीला आपल्याकडे ‘तंगूस’ म्हणतात. ती ताणली जाते आणि माशाचा झटका सोसते. जलाशयातल्या कटला-रोहूसाठी साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा, ८ ते १२ किलो ताण सोसणारा तंगूस पुरतो. विणलेली दोरी त्याच ताकदीला बरीच बारीक असते आणि ताणली जात नाही. वेलींतून मरळ उपटून काढायला ती उत्तम, पण दगडावर घासली तर लगेच तुटते. दोरी सर्वांत आधी तुटते ती गाठीपाशी. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमकुवत होतो. गळाच्या मापांची गंमत अशी, की आकडा वाढेल तसा गळ लहान होत जातो. एक नंबरच्या पुढे मोठे गळ हवे असतील तर मोजणी शून्य लावून पुन्हा चढत्या क्रमाने सुरू होते. दुकानात पहिल्यांदा जाणारा माणूस इथे हटकून चुकतो.

आज बहुतेकांच्या हातात स्थिर फिरकीचे, म्हणजे स्पिनिंग रीळ असते. या रीळाचे पेटंट आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रजाने १९०५ मध्ये घेतले. त्यात फेकताना फिरकी फिरत नाही, दोरी तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते, म्हणून नवख्यालाही ते जमते. बेटकास्टर रीळात फिरकी स्वतः फिरते. अंगठ्याने तिला वेळेवर आवरले नाही तर दोरीचे असे घरटे होते, की उरलेली सकाळ ते सोडवण्यात जाते. रीळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटावी याचा आवळ, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. मोठा मासा पळाला तर त्याला पतंगासारखी ढील द्यायची, थांबला की खेचायचे. ड्रॅग करकचून आवळून बसणारा माणूस मोठ्या माशाची गोष्ट सांगतो, मासा दाखवत नाही.

फेक

डोक्यावरून टाकायची फेक सर्वांत वापरातली. काठीच्या टोकापासून शिसे हातभर लोंबते ठेवतात, दोरी तर्जनीवर पेलतात, रीळाची दोरी अडवणारी कडी उघडतात आणि मागे वळून कुणी उभे नाही ना ते बघतात. हे शेवटचे शिकवावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. मग काठी मागे नेऊन, खालचा हात पोटाकडे ओढत आणि वरचा हात पुढे ढकलत ती पुढे आणतात. जोर हातात नसतो. वाकलेली काठी सरळ होताना शिसे भिरकावते. बोट लवकर सुटले तर शिसे आकाशात जाते, उशिरा सुटले तर पायापुढे आपटते. शिसे पाण्याला टेकण्याआधी दोरीवर बोट हलकेच टेकवले की आमिष शिशाच्या पुढे जाऊन पडते आणि गुंता होत नाही. समोरून वारा असेल किंवा डोक्यावर बाभळीची फांदी असेल, तर काठी कमरेच्या उंचीवरून आडवी फिरवतात. वेलींतल्या हातभर मोकळ्या जागेत बेडूक टाकायला काठी खालून वर झुलवून लोंबकळता सोडतात. इथे अंतर नव्हे, आवाज न करता पडणे मोलाचे.

लांब फेकीचे वेड मात्र बरेचदा वाया जाते. सकाळी-संध्याकाळी मासे काठाशी चरायला येतात, आणि माणूस त्यांच्या डोक्यावरून शंभर फुटांपलीकडे शिसे फेकत असतो. काठी रोवून, टोकाला घुंगरू बांधून बसणाऱ्यांनी जुन्या नदीचे पात्र कुठून जात होते हे गावकऱ्यांना विचारावे. जलाशयाखाली बुडालेले पात्र, बांध, विहिरी, पडक्या भिंती यांच्या कडेने मासे फिरतात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरते तेव्हा पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. अशा वेळी डोळ्यांनी पाहून ठेवलेली जमीन पुढच्या हंगामात उपयोगी पडते. गळही तिथेच अडकतात, त्याला इलाज नाही.

खडस

दख्खनच्या नद्यांतला मानाचा मासा म्हणजे महसीर या मोठ्या, ताकदवान नदीमाशांच्या जातीतला खडस. कर्नल विल्यम साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नाव देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे नाव घेतले, म्हणून ‘खुद्री’ हा मराठी उच्चार लॅटिन नावात जाऊन बसला आहे. खडसाच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि ते शंख-खेकडे चुरडतात. तिथवर गेलेला हलका गळ वाकतो किंवा मोडतो. त्यामुळे जाड तारेचा मजबूत गळ हवा. कावेरीवर त्याच्या भाऊबंदांसाठी उकडलेल्या नाचणीच्या पिठाचा गोळा लावण्याची रीत होती. गळ लागताच हा मासा प्रवाहाच्या दिशेने एका दमात इतकी दोरी ओढून नेतो, की रीळावर दोरी किती उरली हे बघण्यापलीकडे काही हाती नसते.

१९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात खडसाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तिथली पिले देशभर सोडली गेली. ती कावेरीतही पोहोचली. कावेरीत मूळची एक महसीर होती, पाठीला वशिंड असलेली आणि नारिंगी परांची. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेली १२० पौंडांची महसीर आजही विक्रमी मानतात. पुढे कावेरीकाठच्या गालिबोरेसारख्या तळांवर अँगलर मंडळींनी १९९८ ते २०१२ या काळात वहीत टिपलेले मासे अभ्यासकांनी मोजले, तेव्हा बाहेरून आलेला खडस वाढत गेलेला आणि वशिंडाची महसीर जवळजवळ नाहीशी झालेली दिसली. २०१८ मध्ये तिची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि ती अतिसंकटग्रस्त ठरली. मासे वाढावेत म्हणून केलेल्या कामातून हे झाले, आणि ते उघडकीस आले ते मासे मोजून सोडणाऱ्यांच्या वह्यांमुळे.

पकडून सोडण्याची प्रथा महसीरबाबत आता सर्वत्र रूढ आहे. त्यासाठी उलटा काटा नसलेला किंवा तो काटा पकडीने दाबलेला गळ वापरतात. मासा हाताळण्याआधी हात ओले करतात, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोटे घालून लटकवलेल्या माशाचा फोटो छान येतो, पण तो मासा सोडल्यावर जगेलच असे नाही.

जलाशयांतला मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, म्हणून काठावर बसण्याआधी त्यांची परवानगी लागते. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली. अभयारण्यांच्या हद्दीतही गळ टाकता येत नाही. कावेरीवरचे प्रसिद्ध तळ त्यामुळेच बंद पडले. काही ठिकाणी कायद्याची गरजच पडत नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर राखलेले आहेत. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातले मासे तिळसेश्वराचे मानतात. तिथे लोक काठावर बसून त्यांना खायला घालतात आणि मोठाले मासे हाताच्या अंतरावर येऊन तोंड उघडतात.