पार्श्वभूमी : ई-सिगारेटचा झुरका मोजायचा कसा?

ई-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात किती निकोटिन जाते, याचे उत्तर तिच्यातील द्रवाच्या बाटलीवरच्या निकोटिनच्या आकड्यावरून निम्मेच मिळते. तो झुरका किती लांब घेतो, किती जोराने ओढतो आणि मध्ये किती थांबतो, हेही मोजावे लागते.

साध्या सिगारेटच्या बाबतीत हे उशिराच उमगले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६७ मध्ये स्वीकारलेल्या चाचणीत यंत्र दर मिनिटाला दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा एक झुरका घेत असे. ‘लाइट’ सिगारेटींच्या फिल्टरला बारीक छिद्रे असत. यंत्र ती उघडी ठेवी, धुरात हवा मिसळे आणि डांबराचा (म्हणजे धुरातील चिकट ‘टार’चा) आकडा कमी येई. ओढणारा मात्र ती छिद्रे नकळत ओठांनी वा बोटांनी झाकी आणि तलफ भागेपर्यंत मोठे झुरके घेई. कॅनडाने पुढे छिद्रे पूर्ण बंद करून, दर अर्ध्या मिनिटाला ५५ मिलिलिटरच्या झुरक्याची कडक पद्धत आणली; अमेरिकेने मात्र जुन्या पद्धतीची मान्यता काढायला २००८ उजाडू दिले.

माणसाचा झुरका मोजणाऱ्या उपकरणात सिगारेट एका अरुंद तोंडाच्या नळीत बसवतात आणि त्या अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातील फरकावरून हवेचा वेग काढतात. ई-सिगारेटला हेच उपकरण लावल्यावर अडचणी आल्या : वाफेचे थेंब नळीत साचत आणि मंद ओढ नीट टिपली जात नसे. शिवाय सरावलेले वापरकर्ते साधारण चार सेकंद ओढतात, म्हणजे सिगारेटच्या जवळपास दुप्पट, असे अभ्यासांत दिसले. त्यामुळे ‘कोरेस्टा’ या तंबाखू-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ई-सिगारेटसाठी तीन सेकंद, ५५ मिलिलिटर आणि ३० सेकंदांचे अंतर ठरवले. प्रयोगशाळांचे निकाल ताडून पाहायला हा आकडा सोयीचा आहे, पण त्यावरून कोणा एका माणसाची मात्रा काढणे धाडसाचेच.

त्याच वर्षी एका अमेरिकी अभ्यासात ५ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड हा कर्करोगकारक वायू सोडणारी संयुगे आढळली, ३.३ व्होल्टवर आढळली नाहीत. टीकाकारांचे म्हणणे असे की, व्होल्ट वाढले की उष्णता वाढते, आणि एवढ्या तापात द्रव शोषून घेणारी वात कोरडी पडून वाफेला करपट चव येते आणि माणूस ती ओढणे थांबवतो. यंत्र ओढतच राहते. म्हणून नंतरच्या एका प्रयोगात सरावलेल्या वापरकर्त्यांकडून आधी करपट झुरक्याची पातळी ओळखून घेतली गेली. त्या पातळीवर अल्डिहाइडे (फॉर्मल्डिहाइड व त्याच्या गटातील रसायने) भरपूर आढळली, नेहमीच्या वापरात मात्र अत्यल्प.