पेज किती आणि तिच्यात काय: बुरशीच्या विषाच्या मोजमापाची पार्श्वभूमी

आहाराच्या पाहणीला सिंधुदुर्गात गेलेला माणूस पहिल्यांदा अडतो तो पेजेवर. "काल सकाळी काय खाल्लंत?" "पेज." "किती?" "पोटभर." मग तो पिशवीतून मापाच्या वाट्या काढून ओळीने मांडतो आणि आजीला विचारतो, यातली कुठली? आजी सगळ्यात मोठीवर बोट ठेवते, "दोनदा" म्हणते. एवढ्यावर सुटका होत नाही, कारण पेज म्हणजे बरंचसं पाणी. त्यात तांदूळ किती होता हे कळायला पातेल्यात किती वाट्या टाकले, किती जणांनी खाल्लं, वरची निवळ कोण प्यायलं, खालची शितं कुणाच्या ताटात गेली, हे सगळं विचारावं लागतं. आजीला यातलं प्रत्येक उत्तर ठाऊक असतं. फक्त ते कुणी विचारेल असं तिला वाटलेलं नसतं.

ही उठाठेव कशासाठी? साठवलेल्या धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशा विष तयार करतात. ते रोज किती पोटात जातं हे काढायला तीन आकडे लागतात: धान्यात विष किती, धान्य खाल्लं किती आणि खाणाऱ्याचं वजन किती. पहिल्या दोघांचा गुणाकार, तिसऱ्याने भागाकार. हिशेब चौथीच्या पोराला जमेल. आकडे मिळवताना मात्र साठ वर्षं गेली आहेत, आणि त्यातली बहुतेक पहिल्याच आकड्यामागे.

सुरुवात टर्की कोंबड्यांपासून झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं काही महिन्यांत मेली. कारण कळेना, म्हणून रोगाला नाव पडलं 'टर्की एक्स'. शोध घेत घेत माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती. तिच्या नावातला 'अ' आणि 'फ्ला' घेऊन विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली यातली काही रूपं निळी चमकतात, काही हिरवी. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती बी आणि जी झाली. बी-१ सगळ्यात घातक. गाईने दूषित पेंड खाल्ली की तिच्या दुधात उतरतं ते एम-१. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा कर्करोग यकृताचा.

तांदळाचा इतिहास टर्कीपेक्षा जुना आहे, पण तो क्वचितच सांगितला जातो. जपानमध्ये १८९१ साली साकाकी यांनी बुरशी धरलेल्या तांदळाचा अर्क प्राण्यांना दिला. प्राणी लुळे पडून मेले. पिवळ्या पडलेल्या तांदळाचा आणि तिथल्या हृदयाच्या बेरीबेरीचा (बेरीबेरी म्हणजे जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा रोग) संबंध त्यानंतर बरीच वर्षं चर्चेत राहिला. योगायोग म्हणजे आपल्याकडची पोषणाची सगळ्यात जुनी संस्थाही बेरीबेरीतूनच जन्मली. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीची चौकशी सुरू केली. तीच वाढत वाढत १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. बुरशीच्या विषावरचं भारतातलं महत्त्वाचं काम याच संस्थेतून झालं.

त्यातलं पहिलं मोठं प्रकरण १९७४ च्या शेवटच्या महिन्यांतलं. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या लागून असलेल्या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. शंभराहून जास्त माणसं दगावली. घरातली कुत्रीही तशीच मरत होती. संसर्गाची शंका फिटून सगळ्यांचं लक्ष धान्याकडे वळलं ते यामुळे, कारण कुत्र्यांच्या आणि माणसांच्या पोटात जाणारी गोष्ट एकच होती: मका. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला होता, कणसं ओलीच घरात आली होती, आणि दुसरं काही खायला नव्हतं. हैदराबादच्या तज्ज्ञांनी मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅमच्या घरात अफ्लाटॉक्सिन मोजलं. मग माणूस दिवसाला किती मका खातो याच्याशी गुणून हिशेब मांडला, की ही माणसं काही आठवडे रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष खात होती. आपल्याकडे माणसाच्या पोटात गेलेल्या बुरशीच्या विषाचा असा मांडलेला हा पहिल्या काही हिशेबांपैकी एक. पुढे १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर काही गावांत पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्यामुळे पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. तिथे फ्युमोनिसिन हे वेगळं विष निघालं. पाऊस मात्र तोच, काढणीच्या वेळचा.

ही उदाहरणं वाचून कोकणी माणूस म्हणणार, आम्ही मका खातो कुठे? बरोबर आहे. मका आणि शेंगदाणा या बुरशीला जसे मानवतात तसा तांदूळ मानवत नाही. किलोमागे विष तांदळात बहुधा कमीच सापडतं. पण मक्याची भाकरी दिवसाला दोन, आणि भात? सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, मध्ये घावणे नाहीतर आंबोळी. किलोमागचा आकडा छोटा असला तरी गुणायचं वजन मोठं.

आकडे घालून बघू. ५० किलो वजनाचा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खातो असं धरा, आणि तांदळात किलोमागे फक्त १ मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन आहे. पोटात गेलं ४०० नॅनोग्रॅम, म्हणजे वजनाच्या किलोमागे ८ नॅनोग्रॅम. दहा किलोच्या पोराने १०० ग्रॅम खाल्ले तर त्याच्या वाट्याला किलोमागे १० येतात, बापापेक्षा जास्त. आता कायदा बघा. आपल्याकडे धान्यातल्या एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. आधी ती ३० होती. म्हणजे मर्यादेला टेकलेला, पण पूर्ण कायदेशीर तांदूळ खाणाऱ्याचा आकडा १२० पर्यंत जातो. कायद्याची नजर गोणीवर असते. गोणी कोण किती दिवसांत संपवतो हे तो विचारत नाही.

हे ८ किंवा १२० वाईट किती? अन्नातल्या दूषितांवर सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९९७ मध्ये याचं उत्तर दोन तऱ्हांनी दिलं. किलोमागे रोज १ नॅनोग्रॅम पोटात जात असेल तर वर्षाला लाखामागे यकृताच्या कर्करोगाचे ०.०१ रुग्ण, आणि अंगात हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू असेल तर ०.३. तीसपट फरक! आपल्या ८ नॅनोग्रॅमवाल्या गावात लाखभर निरोगी माणसं असली तर वर्षाला ०.०८ रुग्ण, आणि सगळ्यांना हिपॅटायटिस बी असता तर २.४. त्यामुळे २०११ पासून देशभर बाळांना मिळू लागलेली हिपॅटायटिस बीची लस ही एका अर्थी बुरशीवरचीही लस आहे, जरी तिच्या कार्डावर तसं लिहिलेलं नसलं तरी.

आता पहिल्या आकड्याकडे परत. तो वाटतो तितका भरवशाचा नाही. बुरशी गोणीभर सारखी पसरत नाही. एका कोपऱ्याला ओल लागली तर तिथले मूठभर दाणे सगळ्या गोणीचं विष बाळगतात. नमुना त्या मुठीतून घेतला तर भीती, बाजूने घेतला तर निश्चिंती. म्हणून बऱ्याच ठिकाणांहून थोडं थोडं काढून, एकत्र दळून, मग त्यातलं चिमूटभर तपासायचं असतं. दुसरी अडचण 'सापडलं नाही' या शेऱ्याची. यंत्राला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसत नसेल तर न सापडलेल्या नमुन्याला शून्य धरायचं की अर्धा? ४०० ग्रॅम भात खाणाऱ्यासाठी हा फरक किलोमागे शून्य आणि ४ नॅनोग्रॅम एवढा पडतो. ब्रेडचे दोन तुकडे खाणाऱ्याला तो जाणवणारही नाही. भातखाऊ प्रदेशाचा अहवाल वाचताना मी आधी ही तळटीप शोधतो.

तांदळाच्या बाबतीत आपल्याकडची एक मोठी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने अनेक राज्यांतून उकड्या तांदळाचे १५११ नमुने गोळा केले होते. ३८.५ टक्के नमुन्यांत बी-१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त होतं, आणि १७ टक्के नमुने तेव्हाच्या ३० च्या मर्यादेबाहेर. उकडा हा शब्द वाचून मालवणी वाचक सावरून बसला असेल. भात भिजवायचं, उकडायचं, खळ्यात पसरून वाळवायचं, मग भरडायचं. यात धोक्याची वेळ वाळवण्याची. कडक ऊन असेल तर काही नाही; आभाळ आलं, पसरलेलं भात घाईघाईने गोळा करून पडवीत ढीग लावला, की ढिगाच्या पोटात ऊब आणि ओल दोन्ही. शिजवल्याने हे विष जात नाही, साध्या उकळीला ते दाद देत नाही. आणखी एक पेच आहे. विष जास्त करून कोंड्याच्या थरात असतं, म्हणून पांढरा पॉलिश केलेला तांदूळ या एका बाबतीत बरा. पण तोच पॉलिश बेरीबेरी आणतो, हे कुन्नूरच्या काळापासून माहीत आहे. भाताचं पाणी काढून टाकणाऱ्याचं थोडंफार तरी बाहेर जात असेल. पेज खाणारा काहीच टाकत नाही.

कोकणातल्या शेतकऱ्याला यातलं निम्मं विज्ञान वेगळ्या भाषेत पाठ आहे. हळवं भात हस्ताच्या पावसात कापायला येतं, गरवं नंतर कोरड्यात. म्हणून साठवणीचं भात गरवं असावं असं जुने लोक म्हणायचे. दाणा दाताखाली 'कट्' वाजला की तो कणगीत भरायचा. चिव्याची, शेणाने सारवलेली कणगी, खाली दगडांचा ओटा, शेजारी चूल. आता कणगीच्या जागी प्लॅस्टिकची गोणी आहे आणि चुलीच्या जागी गॅस. हवामानही पूर्वीचं उरलं नाही: २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार, दोन्ही वेळा शेतात कापून ठेवलेलं भात भिजलं, काही ठिकाणी आडव्या पडलेल्या लोंब्यांना कोंब आले. त्या भाताचं काय झालं हे पंचनाम्यात येतं नुकसान म्हणून. त्यातलं किती वाळवून खाल्लं गेलं याचा रकाना पंचनाम्यात नसतो.

राहिला दुसरा आकडा, खाण्याचा. १९७२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघर जाऊन 'गेल्या २४ तासांत काय खाल्लं' हे वाट्या मांडून विचारण्याची पद्धत रुळवली. पद्धत चांगली, पण एका दिवसाची. श्रावणी सोमवारी विचारलं तर घरात मासे नाहीत, शिमग्याला विचारलं तर पाहुणे. आणि घरचं भात फेब्रुवारीत संपलेलं असेल तर आजीच्या वाडग्यात रेशनचा तांदूळ असतो, जो कुठल्या राज्यात पिकला आणि कुठल्या गोदामात किती पावसाळे राहिला हे तिलाही ठाऊक नसतं.

म्हणून १९८० नंतर काही संशोधकांनी ताटाचा नाद सोडून सरळ माणसालाच मोजायला घेतलं. बी-१ यकृतात फुटलं की त्याचा एक तुकडा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो, आणि दुसरा जनुकाच्या पदार्थाला चिकटून लघवीतून बाहेर पडतो. लघवी एकदोन दिवसांचं सांगते. रक्त दोन-तीन महिन्यांचं. शांघायमध्ये १८ हजारांहून जास्त पुरुषांच्या लघवीचे नमुने जपून ठेवले होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, अफ्लाटॉक्सिनच्या खुणा आणि हिपॅटायटिस बी दोन्ही असणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साठपट निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते: त्याच माणसांना विचारून, बाजारातल्या अन्नाशी गुणून काढलेल्या आकड्याचा रोगाशी संबंध लागलाच नाही. दशकभराने बेनिन आणि टोगोमधल्या ४८० लहान मुलांचं रक्त तपासलं, तर ९९ टक्के मुलांत या खुणा होत्या, आणि जास्त खुणा असलेली मुलं उंचीला कमी होती. दूध सुटून वरच्या अन्नावर आलेल्यांत प्रमाण जास्त. आपल्याकडे वरचं अन्न म्हणजे पेज आणि नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवून, मोड आणून वाळवायची, आणि मोड आलेली नाचणी ढगाळ दिवसात किती वेळ ओली राहते हे ज्या घरात बाळ आहे तिथे विचारा.

कोकणात असं मोजायचं तर वेळ निवडणं हेच अर्धं काम. अल्ब्युमिन दोन-तीन महिन्यांचा हिशेब ठेवतं, म्हणून आषाढ-श्रावणातलं जुनं, दमट धान्य बघायला रक्त भाद्रपदात घ्यायला हवं. घरं भरलेली, सगळे एका जागी सापडतात, चतुर्थीचा मुहूर्त सोयीचा. पण तेव्हा ओटीवर बाही वर करून बसलेल्यांत निम्मे चाकरमानी असतात, आणि त्यांच्या रक्तात असतो डोंबिवलीच्या वाण्याकडचा तांदूळ.