पिपेट यंत्रमानव

पिपेट यंत्रमानव : आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत द्रवाचे ठरावीक सूक्ष्म आकारमान एका पात्रातून उचलून दुसऱ्या पात्रात सोडण्याचे काम संगणकाच्या आज्ञेनुसार करणारे यंत्र. त्याला यंत्रमानव म्हणत असले, तरी त्याचे रूप मानवी नसते. टेबलावर मावणारी एक चौकट, तिच्यात तीन दिशांनी सरकणारा दांडा, त्याला जोडलेली एक किंवा आठ तोंडांची पिपेट (द्रव मोजून ओढणारी व सोडणारी नळी) आणि खाली प्लेटा, टिपांचे (पिपेटच्या तोंडाला बसवायच्या प्लास्टिकच्या टोकांचे) ट्रे व अभिकारके (प्रक्रियेची रसायने) मांडण्यासाठी आखलेला मंच, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेतला ‘डेक’, एवढाच त्याचा पसारा असतो.

या यंत्राच्या मुळाशी दोन साध्या वस्तू आहेत. जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिश श्निटगर याने १९५७ मध्ये स्प्रिंग आणि दट्ट्यावर चालणारी पिपेट तयार केली. त्याआधी काचेच्या नळीत द्रव तोंडाने ओढण्याची पद्धत सर्रास होती. हंगेरीत ड्यूला टाकाची याने १९५१ मध्ये विषाणूंच्या चाचण्यांसाठी प्लास्टिकच्या तुकड्यात ओळीने खळगे केले आणि त्यातून पुढे ८ ओळी व १२ स्तंभांची, ९६ खळग्यांची प्लेट रूढ झाली. शेजारच्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर सगळीकडे ९ मिमी. ठरल्यामुळे यंत्राला डोळ्यांची गरज उरली नाही. कोपऱ्यातला पहिला खळगा एकदा दाखवून दिला, की उरलेले ९५ ते मोजून गाठते.

बहुतेक यंत्रांत दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेचा थर असतो. दांडा खाली येऊन टिप घट्ट बसवून घेतो, टिप द्रवात बुडते, दट्ट्या वर सरकतो तेवढाच द्रव चढतो, आणि द्रव सोडून झाल्यावर टिप कचऱ्याच्या डब्यात ढकलली जाते. महागडी यंत्रे विद्युतधारिता किंवा हवेचा दाब मोजून द्रवाची पातळी ओळखतात. त्यांच्या काळ्या टिपांत त्यासाठीच कार्बन मिसळलेला असतो. साध्या यंत्राला मात्र द्रवाची उंची आधी सांगावी लागते. ती चुकली तर ते निमूटपणे हवा ओढते आणि रिकामा खळगा भरला असे समजून पुढे जाते.

हातकामाचा हिशेब पाहिला म्हणजे यंत्राची गरज समजते. चुंबकीय मण्यांच्या पद्धतीने (डीएनए चिकटलेले सूक्ष्म मणी चुंबकाने धरून ठेवून) ९६ नमुन्यांतून डीएनए वेगळे करून पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती करण्याची प्रक्रिया) मांडायचे, तर पेशी फोडणारे द्रावण, मणी, दोन धुण्या, अखेरचे द्रावण आणि मधले उपसणे धरून प्रत्येक नमुन्यामागे दहाबारा वेळा पिपेट चालवावी लागते. म्हणजे एका प्लेटला हजाराच्या आसपास वेळा अंगठा दाबणे आले. तिसऱ्याचौथ्या ओळीत कोणी हाक मारली, की ‘हा खळगा झाला की राहिला’ असा प्रश्न पडतो आणि तंत्रज्ञ प्लेट उजेडाकडे तिरकी धरून पातळी निरखू लागतो. आठ तोंडांच्या हातपिपेटने हे कष्ट बरेच कमी होतात, आणि दिवसाला एखादीच प्लेट करणाऱ्या प्रयोगशाळेला तेवढे पुरते. यंत्र वेगवान असते हा समज फारसा खरा नाही. सराईत हात अनेकदा त्याच्यापुढे जातो. पहिल्या आणि शहाण्णवाव्या खळग्यात सारखेच माप पडणे, आणि काय केव्हा टाकले याची नोंद आपोआप राहणे, हा त्याचा खरा लाभ होय.

विदर्भाच्या ग्रामीण भागात या यंत्राचा विचार प्रामुख्याने सिकलसेल आणि कापूस या दोन कामांच्या संदर्भात करावा लागतो. सिकलसेल हा बीटा-ग्लोबिन जनुकातील डीएनएच्या एकाच अक्षराच्या बदलाने होणारा आजार गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरसह पूर्व विदर्भात आढळतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत (२०२३) ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. मात्र गावपातळीवरची पहिली चाचणी, विद्राव्यतेची, म्हणजे हिमोग्लोबिन द्रावणात विरघळते का हे पाहण्याची, थेंबभर रक्तावर होते आणि तिला यंत्रमानवाची काहीही गरज नाही. गर्भजल किंवा वार यांच्या नमुन्यावरील गर्भनिदानाला डीएनए लागते, परंतु ते नमुने एकेक येतात व हातानेच करणे शहाणपणाचे असते. यंत्र उपयोगी पडते ते, गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताचे शेकडो ठिपके जनुकचाचणीसाठी एकदम हाती आले तर.

कापसाचे काम यंत्राला अधिक जड जाते. बीटी कापसाला (बोंडअळीला मारक ठरणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला) भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. बियाण्यात अपेक्षित जनुक आहे का, संकर शुद्ध आहे का, तणनाशक-सहनशील अशा परवानगी नसलेल्या वाणाची भेसळ आहे का, हे पीसीआरने तपासता येते. शेतात पेरून शुद्धता पाहायला हंगाम लागतो, आणि पेरणीला मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर त्याआधी हवे असते. त्यामुळे नमुने थव्याने येतात. अडचण अशी, की कापसाच्या पानात टॅनिने आणि चिकट शर्करा भरपूर असतात. वाटलेल्या पानाचा रस काही वेळात तपकिरी होतो, टिपेतून पाण्यासारखा न उतरता तारेसारखा लोंबतो आणि शेजारच्या खळग्यावर टपकतो. अशा द्रवासाठी ओढण्याची गती कमी करावी लागते, टिप वर घेताना कडेला टेकवावी लागते. उलट क्लोरोफॉर्म टिपेत नुसता धरला तरी त्याची वाफ द्रवाला खाली ढकलते. म्हणून टिप त्यात आधी दोनतीनदा ओली करून घेतात. हे सारे हाताला सवयीने येते, यंत्राला मात्र प्रत्येक द्रवासाठी आकड्यांत सांगावे लागते.

वैदर्भीय उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला आणि हवा कोरडी असताना, वातानुकूलन बंद पडले तर उघड्या प्लेटमधील १० मायक्रोलिटरचे मिश्रण लवकर आटते. यंत्र सावकाश चालत असल्याने पहिल्या आणि शेवटच्या खळग्यात फरक पडतो. वीज मध्येच गेली, तर दांडा कुठे थांबला हे नोंदीवरून ताडून राहिलेले खळगे पुन्हा ठरवावे लागतात, म्हणून यंत्रासाठी स्वतंत्र यूपीएस गृहीत धरावा. मापाची खात्री करायला मात्र फारसा खर्च नाही: १०० मायक्रोलिटर पाण्याचे वजन सुमारे १०० मिग्रॅ. भरते, त्यामुळे चांगला सूक्ष्मतराजू पुरतो. रंगीत पाणी भरून प्लेटभर एकच छटा येते का हे पाहण्याची जुनी युक्तीही चालते.

यंत्र बारकोड वाचते, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या डब्यात आलेल्या नळीवरची चिकटपट्टी ओली होऊन बॉलपेनचा आकडा पुसला असेल, तर तो कोणाचा नमुना हे यंत्राला सांगता येत नाही. अशा नळ्या यादीशी जुळवून पाहण्यात सकाळ जाते. त्यानंतरच डेकवर पहिली प्लेट ठेवली जाते.