पित्ताशय सुजलं तर शस्त्रक्रिया कधी करायची?

पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेकांना कधीच त्रास होत नाही. एखादा खडा पिशवीच्या तोंडाशी अडकून बसला, की मात्र दुखणं सुरू होतं. यकृताखालच्या या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो, भिंत सुजते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं. दहापैकी नऊ रुग्णांमध्ये कारण हेच असतं.

खडा आपोआप सुटला तर कळ काही तासांत ओसरते. सहा तास उलटूनही उजव्या बरगडीखाली दुखतच असेल, दुखणं खांद्याकडे किंवा पाठीत जात असेल, ताप आणि उलट्या असतील, तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. अशा वेळी ईसीजीही काढतात, कारण हृदयविकाराचा झटका कधीकधी पोटदुखीच्या रूपानं येतो.

तपासताना डॉक्टर बरगडीखाली बोटं दाबून खोल श्वास घ्यायला सांगतात. श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं, सुजलेली पिशवी बोटांवर येते आणि श्वास मध्येच अडतो. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांच्या नावानं ही खूण ओळखली जाते. वृद्धांमध्ये ती मिळेलच असं नाही. मधुमेहींमध्येही दुखणं फसवं, सौम्य असू शकतं आणि आत पिशवी सडत असते. त्यांच्याबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. सोनोग्राफीत खडे, तीन मिलिमीटरहून जाड झालेली भिंत आणि भोवती साचलेलं पाणी दिसतं. रक्तात बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) वाढलेलं असेल तर खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्याची शंका घेतात.

दाखल केल्यावर तोंडानं खाणं बंद, सलाईन, वेदनाशामक, अँटिबायोटिक. एवढ्यानं अनेकांना बरं वाटतं आणि नातेवाईक विचारतात, ‘आता ऑपरेशन कशाला?’ पण खडे जागेवरच असतात.

पूर्वी सूज उतरू देऊन दीड-दोन महिन्यांनी पिशवी काढत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६०० हून अधिक रुग्णांच्या जर्मन अभ्यासात २४ तासांत दुर्बिणीनं शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. आधी औषधं देऊन शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या गटात हेच प्रमाण ३४ टक्के होतं. त्यामुळे प्रकृती झेपणारी असेल तर आता त्याच मुक्कामात, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, शस्त्रक्रिया करतात. दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची सुरुवात भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी केली. भूल झेपणारच नाही अशा रुग्णांच्या पिशवीत त्वचेतून नळी घालून पू काढतात.

सूज फार असेल तर शरीररचना ओळखू येत नाही आणि मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका वाढतो. तेव्हा सर्जननं पोट उघडून काम पूर्ण केलं किंवा पिशवीचा थोडा भाग मागे ठेवला, तर घरच्यांनी त्याला अपयश समजू नये. नलिका वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय असतो.