कप 250चा, मैदा 250 नाही

‘1 कप मैदा म्हणजे 250 ग्रॅम’ असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. आधार काय, तर मापाच्या कपावर 250 छापलेलं असतं. शेजारी बारीक अक्षरात ‘मिली’ही असतं, ते कोण वाचणार?

वाटीचं शास्त्र मी तुम्हाला शिकवायला नको. वाटी लहान असो की मोठी, नानकटाई जमते, कारण मैदा, पिठीसाखर, तूप सगळं एकाच वाटीने मोजलेलं असतं. घोटाळा होतो तो वाटी सोडून काट्यावर जाताना.

मिली म्हणजे भांड्यातली जागा, ग्रॅम म्हणजे वजन. पाण्यापुरते दोन्ही आकडे जुळतात, दुधाचेही जवळजवळ. तेवढ्यावरून आपण फडताळातल्या सगळ्या डब्यांना तोच नियम लावतो. पायलीने धान्य मोजणाऱ्या आज्या असं कधी फसल्या नसत्या. पायलीभर ज्वारी उचलताना कंबर सांगते, पायलीभर लाह्या उचलताना सांगत नाही. 250 मिलीच्या त्याच कपात साखर मावते साधारण 210 ग्रॅम, मध 350च्या आसपास.

आणि मैदा? तो कसा भरलात ते आधी सांगा. चमच्याने अलगद घालून वरून सुरीने सपाट केलात तर 125-130. कप डब्यात खुपसून काढलात तर 150च्या वर. ओट्यावर आपटून दाबलात तर आणखी. कप तोच, मैदा तोच. मी एकदा कपाला 250 धरून केक केला होता, म्हणजे जवळजवळ दुप्पट मैदा. मिश्रण चमच्यावरून पडेचना. पोळ्या लाटता आल्या असत्या. म्हणून मैदा मी वजनानेच घेते, आणि कृती कपात असेल तर कपाला 125 धरते. घट्ट वाटलं तर चमचाभर दूध घालता येतं, सैल वाटलं तर चमचाभर मैदा. जास्त पडलेला मैदा मात्र परत काढता येत नाही.

दुसरी गंमत शब्दांच्या जागेची. ‘1 कप साखर, दळून’ म्हणजे आधी मोजायची, मग दळायची: 210 ग्रॅम. ‘1 कप पिठीसाखर’ म्हणजे दळलेली मोजायची: 120-125. ‘1 कप मैदा, चाळून’ आणि ‘1 कप चाळलेला मैदा’ यांचंही तेच. कृती लिहिणाऱ्यांनो, तो स्वल्पविराम गाळू नका.

अमेरिकन कप 237 मिलीचा की आपला 250चा, यावर भांडू नका. सगळ्याला एकच कप वापरा. अंडी तेवढी कपाबरोबर लहानमोठी होत नाहीत, हे लक्षात ठेवलं की झालं.

बेकिंग पावडर आणि सोडा मात्र चमच्यानेच घ्या. अर्धा छोटा चमचा सोडा भरतो जेमतेम अडीच-तीन ग्रॅम, आणि घरचा काटा एकेक ग्रॅमने उड्या मारतो. त्याच काट्यावर ‘मिली’चंही बटण असतं. ते पाण्याचं किंवा दुधाचं गणित धरून आकडा दाखवतं. वर तेल ठेवलंय की मध, त्याला काय कळतं? माझ्या काट्याच्या त्या बटणावर मी चिकटपट्टी लावून टाकली आहे.